घराचं काम काढलंय? मग आधी ‘हो’चा अर्थ एक करून घ्या

“बेसिन ३२ इंचांवर घ्या,” मी म्हणाले. “हो ताई,” प्लंबर म्हणाला. पुढे फरशी बसली, बेसिन लागलं, आणि पहिल्याच सकाळी तोंड धुताना वाटलं की आपण फारच वाकतोय. टेप लावला तर साडेएकोणतीस इंच. प्लंबरला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, “मी ३२च घेतले होते.” खरंच घेतले होते. त्यानं फोडलेल्या, उघड्या जमिनीपासून मोजलं होतं. माझ्या मनात तयार फरशी होती. मधले अडीच इंच सिमेंटच्या मालानं आणि टाइलनं खाल्ले.

भांडण झालं नाही, कारण चुकलं असं कुणीच नव्हतं. त्यानंतर मी दोन कामं काढली आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांभाळली: समोरचा ‘हो’ म्हणाला की त्याच्या डोक्यात काय उमटलं, ते कामाला हात लागायच्या आत बघून घ्यायचं. ते कसं करायचं, ते कामाच्या क्रमानंच सांगते.

तोंड एकच ठेवा

घरातले सगळे मिळून काय ते ठरवा, पण सांगणारं माणूस एक असू द्या. आमच्याकडे सकाळी मी ग्राउट, म्हणजे टाइलांमधल्या फटी भरायचा माल, करडा सांगितला. दुपारी नवऱ्यानं डबा उघडा पाहून “जरा फिका चालला असता” एवढंच म्हटलं. त्याला ते मत वाटलं, मिस्त्रीला तो हुकूम वाटला. संध्याकाळी एक भिंत करडी आणि एक फिकी. मालक मंडळींपैकी कुणीही साइटवर उभं राहून मोठ्यानं विचार करू नये. तिथे विचाराचीही सूचना होते.

दुसऱ्या बाजूलाही एकच कान हवा. कंत्राटदार नेमला असेल तर सूचना त्याच्यामार्फतच जाऊ द्या, मग समोर उभ्या असलेल्या सुताराला सांगणं कितीही सोपं वाटो. सुताराला परस्पर सांगितलेला बदल कंत्राटदाराच्या हिशेबात येत नाही आणि बिलाच्या वेळी वादाच्या रूपानं परत येतो. प्रश्न मात्र कुणालाही विचारा. “मिस्त्री, इथे उतार कुठल्या बाजूला काढताय?” हा प्रश्न झाला. “उतार त्या बाजूला काढा” ही सूचना झाली.

कंत्राटदार नसेल आणि प्लंबर, वायरमन, गवंडी, सुतार, रंगारी असे वेगवेगळे बोलावले असतील, तर मुकादम तुम्हीच. हे मनाशी नीट कबूल करा, कारण या प्रकारात खरी पंचाईत दोन कारागिरांच्या मधल्या जागेत होते. वायरमननं झिरी, म्हणजे भिंतीत खाच, मारून पाइप टाकला. ती झिरी बुजवणार कोण? ओट्याच्या दगडाला नळाचं भोक दगडवाला पाडणार की प्लंबर? खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातली फट कुणाची? प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याची. काम सुरू होण्याआधी सगळ्यांना अर्धा तास एकत्र बोलावून फक्त या सांध्यांची नावं घ्या आणि प्रत्येक सांध्यापुढे एक नाव लिहा.

‘यात काय नाही?’

कामाची यादी सगळेच करतात. बाथरूमची टाइल, स्वयंपाकघराचा ओटा, दोन खोल्यांचा रंग. ती झाली की एक प्रश्न विचारा: या रकमेत काय धरलेलं नाही? राडारोडा खाली नेऊन टाकणं, टाइल्स वर चढवणं, सामानावर प्लास्टिक घालणं, रंगाआधी भेगा बुजवणं, शेवटची सफाई, नळ-दिवे बसवायची मजुरी. यातलं निम्मं ‘ते वेगळं’ निघतं. वेगळं असायला हरकत नाही, पण ते आज कळलेलं बरं.

शब्दही तपासून घ्या. ‘पुट्टी मारून रंग’ म्हणजे पुट्टीचे किती हात, मध्ये घासणार का, प्रायमर आहे का, रंगाचे किती हात? ‘फिटिंगसकट’ म्हणजे फिटिंग आणून बसवणार, की तुम्ही आणलेलं बसवणार? एका शब्दावर दोन वाक्यं जास्त खर्च झाली तर होऊ द्या.

माप कसं बोलायचं

हा भाग सविस्तर सांगते, कारण निम्मे गैरसमज इथेच जन्मतात.

माप पूर्ण तेव्हाच होतं जेव्हा त्यात आकडा, एकक आणि सुरुवात या तिन्ही गोष्टी असतात. ‘३२ इंच’ हे अर्धंच माप. ‘तयार फरशीपासून बेसिनच्या वरच्या कडेपर्यंत ३२ इंच’ हे पूर्ण माप. वरची कड म्हणायचं राहिलं तर कुणी बेसिनच्या तळापासून धरेल, कुणी भिंतीतल्या बोल्टपासून. कपाटाचं माप सांगताना आतून आतून की बाहेरून बाहेरून? दोन दिव्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत की कडेपासून कडेपर्यंत? आणि भिंत कुठली, आजची की प्लॅस्टर-टाइल चढल्यानंतरची? भिंतीवर माल आणि टाइल मिळून एक-दीड इंच सहज वाढतो. फ्रिजसाठी मोजून ठेवलेल्या कोनाड्यात फ्रिज न जाण्याचं नेहमीचं कारण हेच.

एककाचं तर विचारूच नका. गवंडी फूट-इंचांत बोलतो, बारीक काम आलं की सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. डिझायनरची ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये. दुकानदार जिला ‘दोन बाय दोन’ची टाइल म्हणतो ती असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ १० मिलिमीटर कमी. ड्रॉइंगवर १२०० लिहिलंय आणि सुतार त्याला “चार फूट” म्हणाला, तर दोघांना आपण एकच बोलतोय असं वाटतं. पण चार फूट म्हणजे १२१९ मिलिमीटर. फरक १९ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण एका जाड प्लायची जाडी. मोकळ्या भिंतीवर काही बिघडत नाही. दोन भिंतींमध्ये अडकवायच्या कपाटाला मात्र तेवढ्यात रंधा नाही, करवत लागते. तेव्हा पहिल्याच दिवशी एक एकक ठरवा, आणि शक्य असेल तर एकाच टेपनं मोजा. जुन्या टेपचं टोकाचं पान सैल झालेलं असतं; दोन टेपांत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज निघतो.

डावं-उजवं हीसुद्धा अशीच फसवी जोडी. दार ‘डावीकडे’ उघडणार म्हणजे कुठे उभं राहिल्यावर? त्यापेक्षा “बिजागऱ्या खिडकीच्या बाजूला, दार खोलीच्या आत” असं खोलीतल्या वस्तूंच्या खुणेनं सांगा. लगे हात पल्ला पूर्ण उघडला की कुठे येतो ते हातानं दाखवा. वायरमन समोर असेल तर त्यालाही दाखवा, म्हणजे स्विचबोर्ड दाराच्या मागे जाणार नाही.

भिंत हीच वही

कागद हरवतो, मोबाइलची बॅटरी उतरते, भिंत तिथेच असते. काम सुरू होताना एक रेघ मारून घ्या: तयार फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीवर, घरभर, सगळ्या भिंतींवर. लेझर लेव्हल असेल तर तिनं, नसेल तर पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येतं, त्यामुळे ती नळीही चोख काम करते. त्यासाठी नवी फरशी नेमकी किती उंच येणार ते गवंड्याकडून आधी पक्कं करून घ्यावं लागतं. ही कटकट वाटते खरी, पण माझ्या बेसिनचं काम बिघडलं ते हाच प्रश्न विचारायचा राहिला म्हणून.

रेघ एकदा झाली की नियम एकच. जमिनीपासून कुणी मोजायचं नाही, सगळ्यांनी रेघेपासून मोजायचं. ओटा रेघेच्या खाली एवढा, स्विचबोर्ड वर एवढा, बेसिनची कड खाली एवढी. जमीन फोडलेली असो, भरलेली असो, वर पोती पडलेली असोत, रेघ हलत नाही.

त्याच भिंतीवर मार्करनं वस्तूंची चित्रं काढा. आरसा, गीझर, पलंगाची पाठ, टीव्ही, सगळं खऱ्या आकारात. पलंगाची रुंदी भिंतीवर आखली की बाजूचा स्विच गादीमागे जातोय हे वायरमनला न सांगता दिसतं. प्लॅस्टर किंवा रंग चढेपर्यंत या रेघोट्या शंभर फोन वाचवतात. मार्करवर एक इशारा: शाईच्या काही खुणा रंगातून पुन्हा वर उमटतात, म्हणून जी भिंत थेट रंगवायची आहे तिथे पेन्सिल किंवा खडू वापरा.

‘समजलं का?’ विचारू नका

या प्रश्नाला ‘हो’ शिवाय उत्तर नसतं. मालकासमोर, सहकाऱ्यांसमोर ‘नाही’ कोण म्हणेल? त्याऐवजी “मिस्त्री, सुरुवात कुठून करणार?” असं विचारा. तो कोपऱ्याकडे बोट दाखवेल, आणि तुमच्या मनात पूर्ण टाइल दारासमोर आहे, कापलेली टाइल मागे जायला हवी, हे तिथल्या तिथे बोलून होईल. “किती वेळ लागेल?” हाही चांगला प्रश्न आहे. ज्या कामाला तुम्ही दोन दिवस धरलेत त्याला तो “दुपारपर्यंत” म्हणाला, तर दोघं वेगवेगळ्या कामांबद्दल बोलताय.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पहिला तुकडा. टाइलची पहिली ओळ चिकटवायच्या आधी सुकी मांडून बघा. कपाटाचा पहिला खण तयार झाला की उघडझाप करून बघा. रंगाचा दोन फुटांचा चौकोन भिंतीवरच मारून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिवा लावूनही पाहा, कारण शेड कार्डावरचा रंग मोठ्या भिंतीवर गडद वाटतो. पहिला तुकडा बघायला तुम्ही हजर राहायचं, हे आधीच सांगून ठेवा. “सुरू करण्याआधी मला फोन करा” असं मोघम सांगून कुणी फोन करत नाही. “उद्या सकाळी साडेनऊला मी येते, पहिली ओळ मांडून ठेवा, चिकटवू नका” असं सांगितलं तर ती मांडून ठेवलेली असते.

ग्रुप, फोटो आणि रोजचं बोलणं

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करा, पण त्यात सुविचार नकोत आणि चर्चाही नको. चर्चा फोनवर किंवा साइटवर करा. ठरलं की दोन ओळींत तिथे लिहा: तारीख, खोली, काय ठरलं, माप. व्हॉइस नोटमध्ये माप कधीच पाठवू नका. तीन आठवड्यांनी तो आकडा शोधायला चाळीस नोटा ऐकत बसावं लागतं, आणि ड्रिल चालू असताना ‘बेचाळीस’ आणि ‘सत्तेचाळीस’ सारखंच ऐकू येतं.

फोटो पाठवताना समोर सरळ उभं राहून काढा, चौकटीत टेप दिसू द्या आणि जिथे बोलायचं तिथे गोल काढा. “तिथलं जरा बघा” या वाक्यासोबत आलेला तिरका फोटो बघून माझा कंत्राटदार एकदा भलत्याच खोलीत गेला होता.

आठवड्यातून एकदा साइटवर, उभ्या उभ्या, वीस मिनिटं भेटा. तीन गोष्टी बोला: काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, आणि त्यासाठी माझ्याकडून काय हवं. तिसरा प्रश्न लोक विसरतात. कामं पुष्कळदा अडतात ती मालकानं टाइल निवडलेली नसते म्हणून, नळ आलेला नसतो म्हणून. “कुठला निर्णय कुठल्या तारखेच्या आत हवा?” असं विचारून ती तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका.

काम न होण्याचे दिवसही वेळापत्रकात मागून घ्या. सिमेंटच्या प्लॅस्टरला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये पाणी तुंबवून किमान २४ तास, आणि बरेच जण ४८ तास, तसंच ठेवतात. या काळात घर रिकामं दिसतं आणि मालकाचा पारा चढतो. मग “बसून राहू नका, पुढचं उरका” असा फोन जातो, आणि मिस्त्री ओल्या भिंतीवर पुट्टी मारतो. नंतर पोपडे सुटतात तेव्हा तो फोन कुणालाच आठवत नाही.

झाकलं जाण्याआधी

कुठली गोष्ट ताबडतोब बोलायची आणि कुठली आठवड्याच्या भेटीपर्यंत ठेवायची, यासाठी मी एकच कसोटी वापरते: हे उद्या कशाखाली झाकलं जाणार आहे का? रंगाचा ओघळ, दाराचा ओरखडा, सैल हँडल यांना घाई नाही. पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, जमिनीचा उतार यांत शंका आली तर त्याच मिनिटाला काम थांबवा, मग मिस्त्रीचा माल कालवलेला असला तरी.

म्हणून चार थांबे आधीच ठरवून टाका, जिथे तुम्ही बघून ‘पुढे’ म्हटल्याशिवाय काम पुढे जाणार नाही: भिंतीतले पाइप बुजवण्याआधी (पाण्याच्या लाइनला दाब देऊन गळती तपासून), वायरिंग बंद करण्याआधी, वॉटरप्रूफिंगवर माल टाकण्याआधी, आणि फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी. पाणी तुंबवल्यावर पातळीवर पेन्सिलची खूण करून फोटो काढा. थोडं पाणी हवेनं कमी होतंच, तेव्हा खालच्या छताला ओल आली का, हेही बघा. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेपसकट फोटो घ्या, फ्रेममध्ये दाराची किंवा खिडकीची कड येईल असा. नंतर ड्रिल कुठे चालवायचं नाही हे या फोटोंवरूनच कळतं.

भिंत काढायची किंवा तिच्यात मोठं भोक पाडायचं असेल तर तो निर्णय साइटवर बोलता बोलता होऊच देऊ नका. मिस्त्री कितीही अनुभवी असो, स्ट्रक्चरल इंजिनीअरनं बघून लेखी दिल्याशिवाय त्या भिंतीला हातोडा लागता कामा नये.

मध्येच मन बदललं तर

बदलतंच. त्याची लाज नको, पण बोलायची रीत हवी. नळ एक फूट डावीकडे सरकवायचा म्हटलं की तुम्हाला एक नळ दिसतो. प्लंबरला झिरी दिसते, गवंड्याला फोडलेली टाइल, दगडवाल्याला कापून झालेला ओटा. म्हणून बदल सांगण्याआधी विचारा: हे केलं तर आधीचं काय काय उकलावं लागेल, किती दिवस वाढतील, किती पैसे? उत्तर लेखी येऊ द्या, एका मेसेजइतकं चालेल. त्यावर तुमचं ‘करा’ आलं की मगच हात लावायचा. ही शिस्त दोन्ही बाजूंनी पाळायची. कंत्राटदारानं “वाटलं म्हणून करून टाकलं, बिलात बघू” म्हणायचं नाही, आणि तुम्हीही “एवढंसंच तर आहे, त्याचे कसले पैसे” म्हणायचं नाही.

चूक निघाली तर

आमच्या दुसऱ्या कामात सुताराच्या हाताखालच्या मुलानं मारलेला स्क्रू पाइपला लागला. धार उडाली नाही, नुसता पाझर. तो स्क्रू तसाच ठेवून वर पट्टी मारता आली असती. तो खाली येऊन म्हणाला, “मॅडम, माझ्या हातून पाइप फुटलाय बहुतेक.” पोरगा घाबरला होता. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, एक टाइल फोडली, दीड तासात काम झालं. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, “लगेच सांगितलंस ते बरं केलंस.” त्यानंतर त्या साइटवर तीन चुका मला कुणी न विचारता सांगितल्या. पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला असता तर त्या टाइलखाली गेल्या असत्या.

याचा अर्थ गोड बोलून सगळं सोडून द्यायचं असा नाही. चूक दाखवताना माणूस बाजूला ठेवा आणि ठरलेलं पुढे करा: “इथे ठरलं होतं असं, झालंय असं. कसं सुधारायचं आणि कधी?” मेसेज उघडून दाखवा. कंत्राटदाराला त्याच्या माणसांसमोर बोलू नका, बाजूला घ्या. आणि चूक तुमच्या सूचनेतली असेल तर तसं सांगून पैसे द्या. बेसिनच्या वेळी मी अर्धा खर्च उचलला, कारण ‘कुठून’ हा शब्द मीच गाळला होता.

पैशांचं बोलणं

हप्ते तारखांना बांधू नका, कामाच्या टप्प्यांना बांधा: प्लंबिंगची तपासणी झाली की एवढे, टाइल पूर्ण झाली की एवढे. टप्पा ‘पूर्ण’ म्हणजे काय तेही लिहा. तुमच्याकडून मात्र ठरलेल्या दिवशी पैसे जाऊ द्या; मजुरांचे पैसे त्यातूनच निघतात, आणि उशीर झाला की दुसऱ्या दिवशी माणसं दुसऱ्या साइटवर दिसतात. शेवटची पाच-दहा टक्के रक्कम किरकोळ दुरुस्त्या संपेपर्यंत राखून ठेवायची, हे पहिल्या दिवशीच बोला. शेवटी काढलेला हा विषय अविश्वासासारखा वाटतो.

शेवटची फेरी

दिवसा, पडदे न लावता, कंत्राटदाराला बरोबर घेऊन फिरा. जिथे दुरुस्ती हवी तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नंबर घाला, वहीत त्या नंबरापुढे काय ते लिहा. प्रत्येक दार उघडा, प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून बघा, बाथरूमच्या जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं का ते पाहा. यादी दोघांकडे, तारीख दोघांच्या सहीची. चिकटपट्ट्या कारागिरानं काढायच्या नाहीत, बघून झाल्यावर तुम्ही काढायच्या.

माणसं पांगायच्या आधी मागून घ्यायच्या गोष्टी थोड्याच: रंगांचे शेड कोड डब्याच्या झाकणाचा फोटो काढून, उरलेल्या टाइल्सची एक पेटी (पेटीवरचा बॅच नंबर पुसू न देता, कारण पुढच्या बॅचची छटा वेगळी निघू शकते), आणि वॉरंटीची कार्डं. मग प्लंबरला म्हणा, “जाण्याआधी एकदा सगळे व्हॉल्व्ह माझ्यासमोर बंद-चालू करून दाखवा.” प्रत्येकावर चिठ्ठी लावा, त्याच्याकडून नाही तर स्वतःच्या अक्षरात. मी लावत होते तेव्हा कळलं की गीझरचा म्हणून जो व्हॉल्व्ह मला दोन महिने सांगितला जात होता, तो वॉशिंग मशीनचा होता.